टॅबिथा क्लटरबकचं नाव

सरका इकडं, शेगडीपाशी जागा आहे. टॅबिथा क्लटरबकचं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते सांगतो आज.

बाप ब्रिस्टलचा साबणवाला. पैसा रग्गड, पोर एकुलती एक, म्हणजे सगळं तिचंच. आणि मागणी घातली कुणी, तर बाथ शहरच्या लॉर्ड क्रिस्पिन वेनलोनं! माणूस गोड, पण भलता बुजरा. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा गड्याला.

त्याच्या आईसाहेब म्हणाल्या, "लग्नाचा परवाना काढा आणि गुपचूप उरका. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, ही नोकरचाकरांची रीत."

टॅबिथाला ते लागलं. माझा पैसा चालतो, नावाची लाज वाटते होय?

तिनं क्रिस्पिनला सुनावलं, "नावं पुकारायची. तुमच्या चर्चात, तुमच्या माणसांपुढं. नाहीतर लग्न नाही."

"बरं," तो म्हणाला. एवढंच! आता यावरून पोरीनं काय ओळखायचं?

रविवारी चर्च गच्च भरलं. मागून कुणाची तरी आत्या खुसखुसली, "साबणवाली आली गं! पाय जपून टाका, घसराल." टॅबिथा मान ताठ ठेवून बसली.

पाद्रीबुवा आईसाहेबांच्या शब्दातले. नावं अशी पुटपुटले, की पहिल्या बाकालाही कळू नयेत. मग मात्र खणखणीत विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत?"

क्रिस्पिन उभा राहिला.

आईसाहेबांचा चेहरा खुलला. संपलं, टॅबिथाला वाटलं.

"ह... हरकत आहे," तो म्हणाला. कान लालबुंद. "नाव ऐकू आलं नाही. परत वाचा."

पाद्रीबुवा आईसाहेबांकडं बघायला लागले.

"राहू द्या, मीच सांगतो," क्रिस्पिन गरजला. "टॅबिथा क्लटरबक! माझी होणारी बायको!"

आणि मटकन खाली बसला. टॅबिथानं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

"लॉर्डसाहेब, अजून दोन रविवार आहेत," ती कुजबुजली. "दरवेळी ओरडणार का असं?"

"बुवा पुटपुटले, तर ओरडणार."

डोळ्यांत पाणी असताना हसली हो पोरगी.

तर बाबांनो, एवढं ऐका माझं. आज घरी गेलात, की बायकोला दारातूनच नावानं हाक मारा. चांगली शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.