मला लपवणारी बाई

मी एक सुरी. घाबरू नका, बसा जागेवर. वीतभर पातं, लाकडी मूठ आणि मुठीत पितळेचे दोन खिळे, एवढाच माझा संसार. बोलणं जरा लागेल, त्याला इलाज नाही. दीड वर्ष मला कुणी एका जागी स्वस्थ पडू दिलं नाही. अशाने कुणाचाही स्वभाव चिडका होईल.

पोलादाच्या पट्टीतून मला कापलं, लालभडक तापवलं, तेलात बुचकळलं आणि दुकानात नेऊन टांगलं. तिथे एके दिवशी एक बाई आली. तिने पिशवीतून कागदाचा कपटा काढला, माझ्यावर धरला आणि हलकेच ओढला. काप सरळ आला तशी हसली. मला घेताना दुकानदाराशी घासाघीससुद्धा केली नाही.

ही बाई पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात कामाला. कागदाचे गठ्ठे कापायचं मोठं यंत्र तिच्या हाताखाली. हातभर लांबीचं पातं खाली येतं आणि पाचशे कागदांची कड एका दमात सरळ होते. दहा वर्षांत तिच्या हातून ना एक गठ्ठा वाकडा गेला, ना कुणाचं बोट. मला दर रविवारी ती दगडावर धार लावायची. असा हात मिळायला भाग्य लागतं, मी तर म्हणेन मिजाशीतच होते.

मग तिला मुलगी झाली. सारखी हात-पाय फिरवायची म्हणून बापाने नाव ठेवलं भिंगरी. भिंगरी चार महिन्यांची असताना एका दुपारी ती चटईवर पडून स्वतःची मूठ चोखत होती आणि बाई ओट्याशी काकडी कापत होती. एकाएकी हात थांबला. मुठीला घाम लागला. तिने भिंगरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विस्तव हाती आल्यासारखं मला टाकून दिलं. पोरीला न उचलता ती बाहेरच्या खोलीत पळाली.

माझं काय चुकलं, मला कळेना. पुढे डॉक्टरीणबाईंसमोर ती बोलली तेव्हा उलगडा झाला. तिच्या मनात एक विचार चमकून गेला होता, 'माझ्या हातून या सुरीने पोरीला काही झालं तर?' बस, एवढाच. दुसऱ्या कुणी 'छे, काहीतरीच' म्हणून मान झटकली असती. ती म्हणाली, 'असा विचार माझ्या मनात आलाच कसा? म्हणजे मी तशीच असणार.'

तेव्हापासून माझी भटकंती सुरू झाली. खणातून फडताळात, फडताळातून मोठ्या पातेल्यामागे. तिथून टॉवेलात गुंडाळून बॅगेत, बॅगेला कुलूप, किल्ली नवऱ्याच्या खिशात. लपवून झालं की पाच मिनिटांत पाहायला यायची, मी आहे ना तिथेच. मग पुन्हा. मग आणखी एकदा. मला काय पाय फुटणार होते? शेवटी मला शेजारच्या काकूंकडे धाडलं. "काकू, राहू दे तुमच्याकडे, आमच्याकडे सुऱ्या फार झाल्यात." काकूंनी माझ्याने पुठ्ठ्याची खोकी फोडली. त्या दोन महिन्यांबद्दल मी बोलणार नाही.

कारखान्यात मात्र ती त्याच मोठ्या पात्याशी रोज उभी राहत होती. हात तिथे जराही थरथरत नव्हता. कारण तिथे भिंगरी नव्हती.

घरी तिने पोरीला एकटीने घेणं सोडलं. आंघोळ बापाने घालायची, भरवायचं बापाने. आणि रोज संध्याकाळी ती त्याला विचारायची, "अरे, आज मी भिंगरीला काही केलं नाही ना?"

"नाही गं, वेडी आहेस का? ती बघ खेळतेय."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

पहिल्यांदा एकदा विचारायची, मग पाचदा, मग दहादा. तो बिचारा प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही. मायेपोटीच त्याने एके दिवशी घरातल्या झाडून सगळ्या सुऱ्या, कात्र्या, किसणीसुद्धा हलवली आणि कापलेल्या भाजीची पाकिटं आणू लागला. झालं उलटंच. तिला वाटलं, याचाही आपल्यावर विश्वास उरला नाही.

मग तोच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. आजाराला नाव मिळालं, ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. ते नाव त्याने फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं आणि ती तडक येऊन थडकली. बाकीच्या सुऱ्या हलवल्या तेव्हा मी काकूंकडे होते; आता नुकतीच परत येऊन पातेल्यामागे पडले होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"हिला कसला ओसीडी?" नणंद ओट्याकडे हात करून म्हणाली. "भांडी बघ, पसारा बघ! ओसीडी मला आहे. माझा एक डबा इंचभर सरकला तर मला चैन पडत नाही."

"ताई, तुला डबे लावायला आवडतात," तो म्हणाला. "हिला यातलं काहीच आवडत नाही. ओट्याजवळ यायचीच भीती वाटते तिला, म्हणून पसारा आहे." आणि त्याने खरं काय ते सांगितलं.

नणंदेचा चेहरा उतरला. हसणारी बाई क्षणात पोलिसासारखी बोलू लागली. "अरे देवा! आणि तू पोर हिच्याजवळ ठेवतोस? माझ्याकडे रंगकाम चाललंय, सहा-सात आठवड्यांत आटपेल. तेव्हा येऊन भिंगरीला घेऊन जाते."

मला वाटलं, आता तरी बाई भांडेल. ती खालमानेने म्हणाली, "न्या ताई. माझ्यापासून लांबच बरी ती." त्याच आठवड्यात तिने भिंगरीची बॅग भरून दाराशी ठेवली. टोपडं, दोन बाहुल्या, पाण्याची बाटली. सगळं नीट घडी घालून. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, सुरी बरोबर आणा. टॉवेलात बांधून मी दवाखान्यात गेले. बाई बोलता बोलता रडली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नको ते विचार सगळ्यांच्याच मनात येतात," त्या म्हणाल्या. "माझ्याही येतात. तुमचा विचार अडकून बसलाय. पोर तुम्हाला जिवापाड प्यारी आहे, म्हणून तो इतका छळतो. विचार आला म्हणजे इच्छा झाली असं नाही. बरं, आता सुरी टॉवेलातून सोडवा."

त्यांनी मला बाईच्या हातात दिलं, आपली खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. निवांत खिडकीबाहेर बघू लागल्या.

"अहो, हे काय!" बाई ओरडली. "घ्या ना ती परत!"

"हात दुखला तर ठेवा. भीती वाटली म्हणून ठेवू नका."

मुठीतून घाम ओघळत होता. मी त्या हाताला कितीतरी वर्षं ओळखते. त्याच्याइतका सांभाळून चालणारा हात मी पाहिलेला नाही. पण मला कोण विचारतो? दहा मिनिटं, वीस, पस्तीस. हळूहळू थरथर कमी झाली. संपली नाही, कमी झाली.

नवऱ्याला त्यांनी वेगळं बजावलं. "संध्याकाळी तिने विचारलं तर उत्तर देऊ नका. तुम्ही धीर देता, तो घटकाभर टिकतो आणि पुन्हा विचारायची भूक वाढवतो. आणि घरातल्या सुऱ्या जागेवर आणा."

पुढचे आठवडे घरात कुणालाच चैन नव्हतं. आधी मी नुसती ओट्यावर. मग ती मला धरून उभी, भिंगरी बाहेरच्या खोलीत. मग भिंगरी दारात. एकदा ती मला टाकून पळाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. संध्याकाळी "सांग ना रे एकदा" म्हणून रडायची आणि तो ओठ घट्ट मिटून तिच्याशेजारी बसून राहायचा. त्याचेही डोळे भरायचे.

आणि रंगकाम आटपलं. नणंद दारात उभी राहिली, बॅग उचलली आणि भिंगरीला हाक मारत स्वयंपाकघरात आली. तिथेच थबकली.

भिंगरी ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होती. शेजारी तिची आई. तिच्या एका हातात सफरचंद, दुसऱ्या हातात मी.

"वहिनी, द्या ती सुरी इकडे!" नणंदेने हात पुढे केला.

"थांबा ताई."

"भीती गेली का तुमची?"

"नाही ना. ही काय, बसलीय इथेच."

"मग?"

"मग काय, ती बसलीय, मी कापतेय."

फोड पातळ-जाड आली, तिने आयुष्यात कापलेली सगळ्यात वाकडी फोड. भिंगरीने ती घेतली, अर्धी खाल्ली आणि उरलेली नणंदेपुढे धरली. "आत्या, घे." नणंदेने बॅग खाली ठेवली आणि ती उष्टी फोड तोंडात टाकली.

आता मी पहिल्या खणात असते, चमच्यांबरोबर, कुलूप-बिलूप काही नाही. एवढंच मागते की डबे रांगेत लावून 'मला पण ओसीडी आहे हं' म्हणून हसू नका. आणि आपल्याच विचाराला घाबरून पळणारं कुणी दिसलं, तर त्याच्याकडे चोरासारखं बघू नका.

त्या दिवशी तिने मला धुतलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि भिंगरीची बॅग रिकामी करायला निघाली. दारातून एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच आहे ना हे पाहायला परत मात्र आली नाही.