बिनब्रेकची फटफटी

"ह्यो फेटा भिजला तर बेंदराला मी तुजा बैल. न्हाई भिजला तर तू माजा. बोल!"

लियाकतच्या सायकलदुकानापुढं, भर चौकात, लालासाहेबानं डोक्यावरच्या गुलाबी फेट्यावर थाप मारून हे सांगितलं आणि जोतीरामच्या पोटात गुदगुल्या झाल्या. लालासाहेब त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी. दोघं एकाच वर्षी शाळेत गेले होते आणि एकाच वर्षी शाळेतनं पळाले होते. जोतीराम आता पंचेचाळिशीला आला होता, पोरगी नांदायला गेली होती, तरी गावात कुणाच्या सायकलीतली हवा गेली की लोक अजून त्याच्याच दाराकडं बघायचे.

पैजेचं कारण ट्रकमधनं आलं होतं. लालासाहेबाचा मेहुणा मुंबईला गोदीत. त्यानं कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या साहेबाकडनं एक पिवळंजर्द यंत्र मिळवलं आणि गूळ उतरवून परत येणाऱ्या ट्रकात घालून घाटवाडीला धाडलं. हँडल फटफटीसारखं, सीट फटफटीसारखी, चाकं मात्र न्हाईत. पाण्यावर पळतं म्हणे. ट्रॅक्टर आता चार घरांत झाले होते, रेडिओ तर न्हाव्याच्या टपरीतसुद्धा वाजायचा. पण पाण्यातली फटफटी कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठाला एकट्या लालासाहेबाची. हे त्यानं गावातल्या म्हशींनाही सांगून झालं होतं.

त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लिंबू-मिरच्या बांधायला दोरी सापडेना. यंत्राच्या खोक्यात एक तांबडी दोरी आयती निघाली. बांधली.

ते बघून अर्जुनानं कपाळ बडवलं. अर्जुना पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला. आसामात मोटारीच्या होड्या चालवायचं काम त्यानं केलेलं.

"आवं लालासाहेब, ती दोरी मिरच्यांची न्हवं. तिचं एक टोक मनगटाला बांधायचं, दुसरं हितं इंजानाच्या बटनाला अडकवायचं. मानूस पान्यात पडला की दोरी निसटती आनि इंजान बंद. न्हाईतर तुमी हिकडं बुडताय आनि यंतर चाललं एकटंच नरसोबाच्या वाडीला."

"म्या पडनारच न्हाई, तर दोरी कशाला?"

"बरं, आनि येक. ह्याला बिरेक न्हाई."

"आं?"

"न्हाई. हा मुठीखालचा खटका दाबला की मागनं पान्याची धार निघती. त्या धारंनं पळतंय आनि त्याच धारंनं वळतंय. खटका सोडला की धार बंद. मग हँडेल गरगरा फिरवा, गडी नाकासमोर जानार. तवा थांबायचं असंल तर लांबनंच सोडायचं, आनि वळायचं असंल तर सोडायचंच न्हाई. मानसांच्या, होडीच्या जवळ तर जायाचंच न्हाई."

"अर्जुना," लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसला, "खिलारी खोंडं वटनीवर आनली ह्या हातांनी. हे तर पत्र्याचं हाय."

जोतीरामनं यंत्राकडं बघितलंच नाही. तो लालासाहेबाकडं बघत होता. यंत्रातलं त्याला काही कळत नव्हतं, पण लालासाहेब त्याला पाठ होता. ह्या माणसाला विहिरीत पाणी आहे असं सांगितलं तर तो खात्री करायला उडी मारणार. तेवढ्यावर जोतीरामनं चौकात खडा टाकला:

"लालासाब पल्याड जाऊन कोरडा परत येतोय व्हय? येतोय की, नावंत बसून!"

आणि त्यावर ती फेट्याची पैज निघाली. बैलांचा सण बेंदूर चार दिवसांवर. जो हरेल त्यानं शिंगं लावायची, अंगावर झूल घ्यायची, गळ्यात घुंगुरमाळ, आणि जिंकणाऱ्यानं कासरा धरून मिरवणुकीतनं सगळ्या गावापुढं न्यायचं.

"कबूल," जोतीराम म्हणाला. बैलाच्या झुलीत लालासाहेब कसा दिसेल, हे त्याला आत्ताच दिसायला लागलं होतं.

"पन पंच कोन?" लियाकतनं हातातला पाना खाली ठेवत विचारलं. "फेटा भिजला का न्हाई, ह्यावर तुमी दोगं म्हैनाभर भांडशीला."

"पंच कशाला?" लालासाहेब म्हणाला. "ह्योच बसंल माज्या मागं. सीट लांब हाय. का फाटली जोत्या?"

चौक हसला. हसणाऱ्या चौकापुढनं जोतीराम आजवर कधी मागं फिरला नव्हता. हीच त्याची खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर जत्रा भरली. पाऊस लांबला होता, पण बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबून तळ्यासारखं झालं होतं. लालासाहेब धोतराचा काचा मारून बसला, मागं जोतीराम त्याच्या पोटाला मिठी मारून. हँडलला लिंबू-मिरच्या, आणि त्या तांबड्या दोरीचं एक टोक बटणाला, दुसरं मनगटाऐवजी मिरच्यांसंगं लोंबकळत.

"आवं, दोरी!" अर्जुना काठावरनं ओरडला.

"गप रं!"

खटका दाबला. यंत्र असं उसळलं की जोतीरामची टोपी घाटवाडीतच राहिली. लालासाहेब "हय्याऽ हय्याऽ" करत निघाला. निम्मी नदी झाली, पल्याडचा काठ शिवून झाला, फेटा कोरडा ठणठणीत. जोतीरामला गळ्यात घुंगुरमाळ टोचायला लागली.

परत फिरताना पल्याडच्या बाजारातनं येणारी नाव दिसली. नावेत बेंदराचा बाजार करून आलेल्या बायका. पुढंच मनुबाई, आणि तिला खेटून जोतीरामची बायको चंद्राबाई, मांडीवर हरभऱ्याच्या डाळीची पिशवी.

"बायकांस्नी दावू या जरा," लालासाहेब म्हणाला.

"लांबनं दाव."

"भितोस कशाला? जवळ जाऊन टाककन वळिवतो, बघ."

नाव जवळ आली. आणखी जवळ आली. बायका आधी हसत होत्या, मग ओरडायला लागल्या. लालासाहेबानं गाडीवानानं करावं ते केलं. खटका सोडून दिला, हँडल उजवीकडं पिळलं, कासरा ओढावा तसं पोटाशी ओढलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडला, "होऽ! होऽ! होऽ!"

पत्र्याला खोंडाची भाषा कळत नव्हती. यंत्र नाकासमोर, नावेच्या मधोमध.

जोतीरामला सगळं लख्ख दिसलं. गप बसलं की झालं. आदळणार, लालासाहेब पाण्यात, फेटा पाण्यात, पैज खिशात. गावाला पोटभर हसायला मिळणार. आणि नावेत चंद्राबाई, तिला पोहता येत नाही. अर्जुनाचं बोलणं आत्ताच कुणी कानात ओरडल्यासारखं आठवलं.

"अरं दाब की मुडद्या!"

लालासाहेब कुठला दाबतोय, तो ओढतच होता. जोतीरामनं त्याच्या काखेतनं हात घातला आणि खटका आवळला. हँडल उजवीकडं पिळलेलंच होतं. मागनं धार सुटली, यंत्र कुल्ल्यावर चपराक बसल्यासारखं गर्रकन वळलं आणि नावेला हातभर अंतरावरनं चाटून गेलं. पाण्याचा एक मोठा फवारा उडाला. सगळा नावेवर. मनुबाई भिजली, चंद्राबाई भिजली, डाळ भिजली, नावाड्याची विडी विझली.

घाटाजवळ जोतीरामनं लांबनंच खटका सोडला. यंत्र गुमान येऊन चिखलात टेकलं. लालासाहेब खाली उतरला आणि धोतर चिखलानं माखलं. फेटा मात्र कोरडा.

"कोरडा!" लियाकत ओरडला.

"खटका म्या दाबला," जोतीराम म्हणाला.

"असंल की. पैज खटक्याची न्हवती, फेट्याची व्हती." एवढं बोलायला लालासाहेबाला थोडा दम घ्यावा लागला, पण बोलला.

जोतीरामनं हार कबूल केली. पैजेतनं पळालेला माणूस म्हणून ह्या चौकात जगण्यापेक्षा बैल झालेला परवडला.

तीन दिवसांत लालासाहेबाची कीर्ती फलटणपर्यंत गेली. नावेतल्या बायकांचा जीव त्यानंच वाचवला, असं तो स्वतः सांगायचा. ग्रामपंचायतीनं त्याला नारळ दिला. त्यावर त्यानं मारुतीच्या पारावर भाषण ठोकलं, "यंतर जबाबदारीनं हाकाया लागतंय, मंडळी! वळताना खटका सोडू नये. मानसांपास्नं लांब ऱ्हावं. आनि दोरी मनगटाला बांधल्याबिगर बसू नये! कायम मनगटाला!" अर्जुना खाली बसून सगळं ऐकत होता. त्यालाच शिकवलं जात होतं.

बेंदराच्या दिवशी जोतीराम बैल झाला. पुठ्ठ्याची शिंगं, त्यांना तांबडा हिंगूळ, वर गोंडे. अंगावर जुनी झूल, गळ्यात घुंगुरमाळ. वेशीपासनं मिरवणूक निघाली. नदीवर आंघोळ घातलेले खरे बैल पुढं, हा मागं. पोरं शिट्ट्या मारत होती, म्हाताऱ्या पदर तोंडाला लावत होत्या. लालासाहेब गुलाबी फेटा बांधून कासरा धरून, तोऱ्यात.

"बघा गावकरी," तो म्हणाला, "दोरी कशी धरावी!" आणि कासऱ्याचे तीन वेढे मनगटाला देऊन त्यानं गाठ मारली.

जोतीरामनं ती गाठ बघितली. गाठ चांगली पक्की होती.

घाटाच्या वळणावर चंद्राबाई ताट घेऊन उभी होती. तिनं बैलाला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास तोंडात घातला.

"डाळ भिजलेलीच व्हती, त्येचंच पुरन हाय," ती हळूच म्हणाली. "आनि खटक्यावर हात कुनाचा व्हता, ते म्या बगितलंय. बैल झालासा तर आता बैलावानी वागा की."

जोतीरामनं घास गिळला. मान खाली घातली, पाय मागं घासले, नाकातनं फुस्स केलं आणि उतारावरनं नदीकडं सुटला.

"होऽ!" लालासाहेब ओरडला. "होऽ रं! होऽ! जोत्या, थांब!"

"बिरेक न्हाई!" बैल पळता पळता ओरडला.

लालासाहेब गाठ सोडायला बघत होता, पण मनगटाला तीन वेढे. घाटाच्या पायऱ्यांवरनं एक माणूस घुंगरं वाजवत, त्याच्या मागं दुसरा "होऽ होऽ" करत धडाधडा खाली गेले आणि दोघंही पाण्यात. वर सगळा गाव पोट धरून बसला. हलगीवाल्याला हलगी वाजवायचंही भान राहिलं नाही.

गुलाबी फेटा उलगडत उलगडत बंधाऱ्याकडं निघाला.

जोतीराम कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. एक शिंग गळून पडलं होतं, हिंगुळाचा ओघळ नाकावर आला होता. त्यानं ओंजळीनं पाणी घेतलं आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर ओतलं.

"काय करनार सरकार," तो म्हणाला, "तुमच्या बैलाला आंघुळ घालायची ऱ्हायली व्हती."