समोरच्या घडीच्या खुर्च्या

मी लोटनभाऊंच्या फोटो स्टुडिओतला कोच बोलतोय. लाल मखमलीचा, सागवानी पायांचा, दोघांपुरता. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही.

जळगावच्या एका मिस्त्रीने मला घडवलं. "राजाराणीचा वाटला पाहिजे," असं लोटनभाऊंनी त्याला बजावलं होतं. म्हणून त्याने माझ्या पाठीवर दोन मोर कोरले. स्टुडिओत आलो त्या दिवशी मला वाटलं, आता सगळे माझ्याकडेच बघणार.

तसं झालं नाही. येणारा प्रत्येक जण आधी आरशाकडे जायचा. तिथे केस विंचरायचा, पावडर लावायचा, स्वतःवर खूश व्हायचा आणि माझ्यावर बसताना मात्र रुमालाने मला झटकायचा. लहान मुलं पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवरून उतरायला तयार नसत. स्टुलाची तर काय ऐट. परीक्षेच्या फॉर्मचे दिवस आले की त्याच्यापुढे दारापर्यंत रांग लागायची. मी कोपऱ्यातून बघायचो आणि आतल्या आत जळायचो.

एक मान मात्र माझ्या एकट्याचा होता. माझ्यावर फक्त नवरा-बायको बसत. तो लोटनभाऊंचा नियम होता. दोस्तांचा फोटो उभ्याने, भावाभावांचा स्टुलावर, जोडीचा माझ्यावर. नवरा उजवीकडे, बायको त्याच्या डावीकडे. मग तो फोटो बदामाच्या आकाराच्या जाड चौकटीत बसवून मिळे.

लग्नसराईत आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत रावेर, यावल, शिंदखेडा अशा गावांहून नवी जोडपी येत. तो या टोकाला बसे, ती त्या टोकाला. "जरा सरका हो, परकी नाही ती," लोटनभाऊ म्हणत. नवरा दोन बोटं सरके. फोटो निघाला की तो पुढे चालू लागे आणि ती मागून पदर सावरत जाई. माझी दोन्ही टोकं दबून गेली, मधला भाग नव्यासारखा टणक राहिला. मला वाटे, जोडी म्हणतात ती हीच.

अठ्ठ्याऐंशी साली आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे पुरुष आले. एक चुडामण. तो पिंप्राळ्यात राहायचा आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. यंत्रांच्या आवाजाने त्याचा उजवा कान गेलेला. दुसरा धनसिंग, भुसावळला रेल्वेत नोकरीला, चांगल्या भरघोस मिशांचा. दोघांचेही सदरे कडक इस्त्रीचे होते.

लोटनभाऊ दिवे लावायला वळले. वळून बघतात तर दोघे माझ्यावर बसलेले. चुडामणच्या डाव्या बाजूला धनसिंग, कारण चुडामणला डाव्याच कानाने ऐकू यायचं. किती वर्षं ते असे बसत असतील कुणास ठाऊक. कुणी "सरका" म्हणालं नव्हतं, तरी दोघांचा भार माझ्या मधोमध आला. तो टणक भाग पहिल्यांदाच खाली गेला आणि माझ्या अंगातली स्प्रिंग कुरकुरली. मला आनंद झाला की भीती वाटली, मला अजून सांगता येत नाही.

लोटनभाऊ हसले. "काय भो, बायकोच्या जागेवर मिशा? उठा, दोस्तीचा फोटो उभ्याने काढतो."

चुडामण उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हाऊ दोस्तीना फोटो नई, भाऊ. जोडीना शे."

लोटनभाऊंचं हसू गेलं. बाकावर अभिमन वकील पेपर वाचत बसले होते. ते रोज दुपारी चहाला येत. त्यांनी पेपर खाली घेतला.

धनसिंग म्हणाला, "अकरा वर्षं आमची चूल एक आहे, भाऊ. आता माझी बदली झाशीला झाली. आज संध्याकाळची गाडी आहे. दोन कॉप्या द्या. एक याच्याजवळ राहील, एक माझ्याजवळ. दुसरं काही नको."

"इथे नवरा-बायको बसतात," लोटनभाऊ म्हणाले. "उद्या लोकांना कळलं तर कोण आपल्या सुनेला या कोचावर बसवील? माझं दुकान आहे, मी नाही काढत."

धनसिंगने वकिलांकडे बघितलं. "साहेब, तुम्ही सांगा. दुकान सगळ्यांसाठी असतं ना? कायद्यात तसं आहे ना?"

"घटनेत आहे," वकील म्हणाले. "धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, एवढ्यावरून कुणाला दुकानात अडवायचं नाही."

"मग?"

"मग त्या यादीत तुमच्यासारख्यांसाठी वेगळा शब्द नाही. आम्ही पुरुष आहोत म्हणूनच आम्हाला अडवलं, असं म्हणता येईल. पण निकाल लागेपर्यंत केस पिकतील. आणि कोर्टात आधी तुम्हाला सांगावं लागेल, आम्ही एकमेकांचे कोण. तसं सांगितलं की दुसरं एक कलम आहे. ते लोटनला नाही धरणार, तुम्हालाच धरील."

वकील हे चढ्या आवाजात बोलले नाहीत. सांगून झाल्यावर ते पेपरमध्ये बघू लागले, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

"ऐकलं ना?" लोटनभाऊ म्हणाले. "माझं दुकान, माझा कोच."

चुडामणने माझ्या हातावरची मखमल तळव्याने सारखी केली. "कोचाला विचारलं का, भाऊ?"

एवढं बोलून दोघे उठले. मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. नेमकं विचारलं तेव्हा मला तोंड नव्हतं.

आमची गल्ली अरुंद आहे, उघड्या दारातून समोरचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. समोर झुंबरबाईंचा स्टुडिओ. नवरा वारल्यावर त्यांनीच कॅमेरा हातात घेतला होता. त्यांच्याकडे मखमल नव्हती, मोर नव्हते. होत्या फक्त घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या, एका पायाला गंज चढलेल्या. मी त्यांना आजवर मोजलंच नव्हतं.

धनसिंगने त्यांना बाहेरूनच सगळं सांगितलं. आत जाऊन पुन्हा उठायची त्याची तयारी नसावी. झुंबरबाईंनी ऐकून घेतलं, मग खुर्च्या झटकल्या आणि एकीला एक चिकटवून मांडल्या.

"आठे बसा, भाऊ. कोण कोणत्या बाजूला?"

"हा माझ्या डावीकडे," चुडामण म्हणाला. "नाहीतर मला ऐकू येत नाही."

"मग बसा तसेच. आणि अशा पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे नका बघू. मी काही तुमची बदली थांबवणार नाही."

दोघे हसले. खटका वाजला तो तेवढ्यात. माझ्यावर इतकी वर्षं इतकी जोडपी बसली, पण हसताना एकाचाही फोटो निघाला नव्हता.

"चारला या. ओलेच असतील, कोपरा धरून न्या," झुंबरबाई म्हणाल्या. मग विचारलं, "एक काचेत लावू का? नको असेल तर नाही लावत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "लावा," धनसिंग म्हणाला. "लोक दोस्तच समजतील."

"समजू देत. मी फोटो जोडीचा काढलाय."

चार वाजता ते आपापली कॉपी कोपऱ्याला धरून, वाऱ्यावर वाळवत स्टेशनकडे गेले. आमच्या दाराकडे त्यांनी बघितलंही नाही.

तेव्हापासून तो फोटो समोरच्या काचेत आहे. येणारे-जाणारे थांबतात. "भाऊभाऊ असतील," म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र ठाऊक आहे, ते कोण आहेत आणि आधी कुणावर बसले होते. सकाळी काचेवर ऊन पडून तो फोटो दिसेनासा होतो तेवढाच मला आराम. मला धनसिंगचा राग नाही, चुडामणचा नाही, झुंबरबाईंचाही नाही. मी त्या खुर्च्यांवर जळतो. त्यांना गंज चढतो तेव्हा मला बरं वाटतं. मग झुंबरबाई त्यांना रंग देतात आणि माझी रात्रीची झोप उडते.

पुढच्या वर्षी चुडामण एकटाच आला. खिशातली कॉपी घामाने पिवळी पडली होती, दुसरी काढून घ्यायची होती. लोटनभाऊ दारातच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "चुडामणभाऊ, धनसिंग सुट्टीवर आला की दोघे या. कोच मोकळाच असतो."

चुडामणने चांगला डावा कान पुढे करून ऐकून घेतलं. रागावला नाही. "आमचा फोटो निघाला, भाऊ," म्हणाला आणि समोर गेला.

आता सत्त्याण्णव साल आहे. लोकांच्या घरी कॅमेरे आले, जोडपी बागेत फोटो काढतात. मखमल विटली म्हणून लोटनभाऊंनी मला ओट्यावर आणून ठेवलंय. गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःच माझ्यावर बसतात, एका टोकाला. समोरच्या काचेकडे बघतात. मीही बघतो.

दुकानदारांनो, कायद्यात पुढेमागे एखादा शब्द येईलही. तो येईपर्यंत एवढंच सांगतो. कुणी जोडीने आलं तर त्यांना बसू द्या. ते कुठे ना कुठे बसणारच आहेत. तुम्ही उठवलंत, तर उरलेलं आयुष्य तुम्हाला समोरच्या खुर्च्यांकडे बघण्यात घालवावं लागेल.