कुणाशीच न जुळणारा रंग

रंगाच्या दुकानात सगळे त्याला थेंबराव म्हणत. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन येई, कुणी पडद्याची चिंधी, आणि म्हणे, "अस्साच हवा." मग थेंबराव पांढऱ्याच्या डब्यात पिवळ्याचे थेंब सोडी, काळ्याचा एखादा टाकी, काडीनं ढवळी, पुठ्ठ्यावर फासून पंख्याखाली धरी. गिऱ्हाईक मान डोलावायला लागलं की त्याचं ठरलेलं वाक्य येई, "ओल्यावर जाऊ नका, वाळू द्या. आणि बाहेर उजेडात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग सभ्य दिसतात."

अशा या माणसाच्या घरात एक परका रंग शिरला होता.

झालं होतं असं. लेक लग्न होऊन गेली, तिची खोली रिकामी पडली, आणि बायको चित्रांच्या वर्गाला जायला लागली. तिथला मास्तर, एक दाढीवाला, काही शिकवतच नसे. म्हणे, "वस्तू काढायची नाही. डोळे अर्धे मिटा. आत जे साचलंय त्याच्या हाती ब्रश द्या, ते नेईल तिकडे जा." ती गेली. थेंबरावानंच दुकानातून आणलेले उरलेसुरले रंग, जुने पुठ्ठे, आणि ती. झाड नाही, घर नाही, चेहरा नाही. नुसते रंग, एकमेकांच्या अंगावर रेललेले, एकमेकांपासून तोंड फिरवलेले.

"हे काय, डबा सांडला की काय?" पहिल्या चित्राला तो म्हणाला होता.

"सांडला ना," ती हसून म्हणाली. "आतला."

तोही हसला होता. पण मग तो रंग आला. राखेत पाणी, पाण्यात शेवाळ आणि शेवाळात कुठूनसा उजेड, असा काहीतरी. प्रत्येक चित्रात उजव्या अंगाला त्याचा एक उभा पट्टा. खांद्याएवढा रुंद, वरून जरासा वाकलेला. चित्रातले बाकीचे रंग, तिचा लाल, तिचा पिवळा, त्याच्या जवळ येताना हळू होत. एखादा माणूस खोलीत आला की बोलणाऱ्यांचे आवाज मऊ व्हावेत, तसे.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणजे? रंग आहे तो."

"असला रंग मी तुला कधी आणून दिलेला नाही."

"मिसळला."

"कशावरून?"

"कशावरून नाही हो. आला." एवढं बोलून ती ब्रश धुवायला गेली, आणि एक ब्रश धुवायला लागतो त्याहून बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

आला म्हणे. रंग आपल्या पायांनी येत नसतात. त्यांना कुणीतरी घेऊन येतं. दगड असो, पान असो, नाहीतर एखाद्याचा कोट.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली बसून, त्यानं तो रंग आठवून आठवून जुळवला. बोटभर पुठ्ठ्यावर फासला आणि खिशात ठेवला. तेव्हापासून गावभर त्याची नजर लोकांच्या तोंडाकडे कमी आणि कपड्यांकडे जास्त. बायकोचा विसरलेला ब्रश द्यायचं निमित्त करून वर्गावर जाऊन आला. दाढीवाल्याचा कोट निघाला तपकिरी. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा रेनकोट जवळ जात होता, पण निळ्याकडे झुकत होता. औषधवाल्याच्या बाहीशी तर त्यानं पुठ्ठा चक्क टेकवलाच.

"काका, काय लावताय हो मला?"

"धागा निघाला होता तुझा."

"मग तोडा की. नुसता बघताय काय?"

रंग कुणाशी जुळेना, आणि संशय मात्र सगळ्यांशी जुळायला लागला. बायको फोनवर हसली की त्याला ऐकू येई. ती गप्प बसली तर त्याहून जास्त ऐकू येई.

त्यात मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. चहा ओतता ओतता म्हणाली, "भावोजी, रविवारी वाचनालयाच्या हॉलवर वर्गाचं प्रदर्शन आहे, येताय ना? ताईचं मोठं चित्र मधोमध लावणार आहेत. नावसुद्धा ठेवलंय तिनं, 'दुपार'."

"दुपार?"

"मीपण तेच म्हटलं. दुपारी काय असतं गं तुझ्याकडे एवढं? तर लाजली हो बाई! या वयात!" ती खळखळून हसली. "सांभाळा, भावोजी."

थेंबरावानं कप खाली ठेवला. दुपारी तो दुकानात असे. सुट्टीच्या दिवशी जेवून आतल्या खोलीत घोरत असे. या घराची दुपार त्यानं कधी पाहिलीच नव्हती. आणि रविवारी त्या हॉलमध्ये कुणीतरी एक जण त्या चित्रासमोर उभा राहील, स्वतःला ओळखेल, मिशीत हसेल. आपण शेजारी तिची पर्स धरून उभे असू. नाही. रविवारच्या आत कळलंच पाहिजे. तसं काही निघालं, तर चित्र या घराबाहेर जाणार नाही. आणि आपण या घरात राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी डबा न उघडताच तो मालकासमोर उभा राहिला. "डोकं दुखतंय. घरी जातो."

"तुमचं?" मालक म्हणाला. "आजवर तर आमचंच दुखवत आलात. जा, जा."

दुपारची गल्ली त्याला ओळख देईना. सावल्या भलत्याच बाजूला पडलेल्या, दारं लावलेली, एक मांजर मालकिणीच्या थाटात पायरीवर बसलेलं. आपल्याच दाराशी तो चोरासारखा थांबला. आतून बायकोचा आवाज येत होता. गुणगुणत होती, स्वतःच जुळवलेलं काहीतरी,

*ऊन आलं दारी, बसलं खुर्चीवरी,*
*उलगडते सारी गोष्ट त्याला.*

त्याला! मग गाणं थांबलं आणि ती हळू, अगदी घरगुती आवाजात बोलायला लागली. "आज काय झालं सांगू? लेकीचा फोन आला होता. बरी आहे म्हणाली. पण आवाज बरा नव्हता हो…"

हो? कुणाला हो? त्यानं किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. ती जमिनीवर बसली होती, मांडीवर पुठ्ठा, आणि समोर त्याची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर त्याचा घरात घालायचा पांढरा सदरा, सकाळी बदलून तसाच टाकलेला. "जरा खुंटीवर लावा की," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. ते म्हणणं तिनं कधी सोडलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

समोरच्या घराच्या पडवीवर हिरव्या प्लास्टिकचं छप्पर होतं. दुपारचं ऊन त्यातून झिरपून खिडकीत येत होतं आणि त्या सदऱ्यावर पडत होतं. राखेत पाणी, पाण्यात शेवाळ, शेवाळात उजेड. खांद्याएवढा रुंद, मानेपाशी जरासा वाकलेला.

नकळत त्यानं खिशातून पुठ्ठा काढला आणि सदऱ्याशेजारी धरला. पुठ्ठ्यावरचा रंग किंचित काळसर झाला होता. अर्थातच. रोज गिऱ्हाइकांना सांगायचं, उजेडात नेऊन बघा, आणि आपण हा जुळवला ट्यूबलाइटखाली.

"तुम्ही? आत्ता?" ती घाबरून उठली. "बरं आहे ना?" मग तिची नजर पुठ्ठ्यावर गेली. तिनं तो त्याच्या हातातून घेतला. कडा झिजल्या होत्या, खिशाचा घाम लागला होता. तिला कळायला वेळ लागला नाही.

"कुणाकुणाशी जुळवून पाहिलात?"

त्यानं चपला काढल्या, सरळ करून ठेवल्या.

"सांगा ना. मास्तरांशी?"

"…औषधवाल्याशीपण."

तिला हसू आलं असावं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. ती पुन्हा खाली बसली. "संध्याकाळी तुम्ही येता तेव्हा दमलेले असता. मी काही सांगायला लागले की म्हणता, उद्या बोलू. मग उद्या दुपारी मी याला सांगते. हा दमत नाही."

तो सदऱ्याकडे बघत राहिला. कोट नाही, रेनकोट नाही. ज्याच्यावर डूख धरून तो गावभर हिंडला, ते त्याचंच रिकामं कापड होतं, त्याच्याहून चांगलं ऐकणारं. सुटल्यासारखं वाटावं की लाज वाटावी, त्याला उमजेना. सदऱ्याचा हेवा मात्र खरोखर वाटला.

"चित्र रविवारी लावणारच आहे मी," ती म्हणाली.

"लाव."

"कुणी विचारलं, हा कोण, तर काय सांगू?"

त्यानं दुकानाचा शर्ट काढला, खुर्चीवरचा सदरा घालून तिथंच बसला. ऊन त्याच्या खांद्यावर आलं.

"लेकीच्या आवाजाला काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

तिनं ब्रश उचलला, रंगात बुडवला, आणि त्याच्याकडे पाहिलं. नवा रंग पाहताना गिऱ्हाईक पाहतं तसं, डोळे बारीक करून, भरवसा न ठेवता.

"सांगते," ती म्हणाली. "आधी जरा बसून दाखवा."