पांढरी सकाळी, गुलाबी नंतर

मला चक्कर येते हे मुलाला कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला बाहेरून कुलूप लागलं. खाली रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान, वर चौथ्या मजल्यावर मी, मध्ये जिना. "जिन्यात पडलीस तर?" हे त्याचं पालुपद. सोमवारी तो माझं दुकान मोबाइल दुरुस्तीवाल्याला देणार होता.

कारणं सांगायला काय, जो तो तयार. शेजारीण म्हणाली मान, भाऊ म्हणाला कान, विहीणबाईंना गॅसची खात्री. पाणी कमी पिता, रक्त कमी आहे, झोप कमी आहे. अक्कल कमी आहे एवढंच कुणी म्हणालं नाही. मी खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि भिंत धरावी लागायची.

सकाळी मुलगा पांढरी गोळी द्यायचा. तो कामाला गेला की सून निघता निघता गुलाबी द्यायची. मला वाटायचं, दुखणी दोन, गोळ्या दोन. शनिवारी एकटीच होते, म्हणून औषधांच्या दुकानातल्या मुलीला फोन केला आणि भिंग धरून दोन्ही पाकिटांवरची अक्षरं वाचून दाखवली.

"मावशी, औषध एकच आहे हो, कंपन्या वेगळ्या! बीपीची गोळी दुप्पट जातेय. चक्कर येईल नाही तर काय? आजच डॉक्टरांना सांगा."

मला नाचावंसं वाटलं. दुकान वाचलं होतं.

दुपारी सून आली, तिला विचारलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"ते विसरतात हो आई. आणि विसरलात म्हटलं की घर डोक्यावर घेतात. म्हणून मीच वेगळं पाकीट आणलं. त्यांनी दिलेली असेल तर..." माझ्या मुलाचा राग मी जन्मापासून ओळखते. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो दोन दिवस तिला बोलायचा. ही गोष्ट त्याने वर्षभर उगाळली असती.

संध्याकाळी त्याला सांगितलं, गोळी दोनदा जात होती.

"दोनदा? दुसरी कोण देत होतं?"

सुनेच्या हातातली ताटली खाली पडली.

"कोण देणार? मीच घेत होते," मी म्हणाले. "घेतल्याचं ध्यानात राहायचं नाही. आता कारण कळलंय ना? सोमवारी दुकान मीच उघडणार."

मला वाटलं तो भडकेल. तो भडकला नाही. माझ्या शेजारी बसला, माझा हात हातात घेतला, लहान पोराशी बोलावं तसा हळू बोलला. "आई, तुला आठवत नाही? मग तर तुला एकटं सोडायलाच नको."

"अहो, ऐका ना," सून पुढे झाली. मी तिच्यावर डोळे वटारले. ती मागे सरली, पण रडू तिला आवरेना. तो समजला, माझ्या काळजीनंच रडतेय.

मग त्याने मोबाइलवाल्याला फोन लावला. "सोमवार कशाला? उद्याच या ताबा घ्यायला."