सर्व्हर असं बोलत नाही

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या कारखान्यातल्या चारही बायका सांगतील. त्यामुळे आमचे मेल सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या बाईला मी फोन उचलल्या उचलल्या झापलं, यात नवल काहीच नव्हतं. तिला बिचारीला सर्दी झाली होती. नाक ओढत ती म्हणाली, "मॅडम, आधी अडचण सांगा, मग रागवा."

अडचण अशी होती. आम्ही कॅनव्हासची आवरणं शिवतो. ट्रकची, होड्यांची, यंत्रांची, जे उघड्यावर पडेल त्याची. मापं घेणं, कापणं आणि शिवणं माझ्याकडे, कागदपत्रं आणि कॉम्प्युटर ह्यांच्याकडे. लग्न झाल्यापासून अशीच वाटणी आहे: कात्री माझी, कळफलक त्यांचा. ह्यांचा स्वभाव एकदम मऊ. आवाज कधी चढत नाही. लोक म्हणतात, या बाईला असाच नवरा हवा होता. मीही तसंच म्हणत आले.

तर, दूरच्या एका शहरातल्या संग्रहालयाच्या साहेबांचा फोन आला होता. त्यांच्या गोदामात जुन्या बग्ग्या, पालख्या, मोठाली घड्याळं धूळ खात पडली होती, त्या सगळ्यांना मापाची आवरणं हवी होती. एवढं काम मिळालं असतं तर मंदीचे महिने निभावले असते. नाहीतर चारांतल्या दोघींना घरी बसवावं लागणार होतं, आणि ते त्यांना सांगायची वेळ माझ्यावर येणार होती. साहेब म्हणाले, "मापांची यादी कितीदा पाठवली, दरवेळी मेल परत येतोय. आणि बाई, तुमचं यंत्र जरा फटकळ दिसतंय." मी हसले. म्हटलं, मालकिणीवर गेलं असेल. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत दर आले नाहीत तर दुसरीकडे विचारावं लागेल.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कंपनीचा घोळ असेल. बघतो मी." सोमवारी म्हणाले बघतो, मंगळवारी म्हणाले बघतोय, बुधवारी म्हणाले त्यांचा फोनच लागत नाही. गुरुवारी हे दोरा आणायला बाजारात गेले, तेव्हा मीच बिलावरचा नंबर फिरवला. पहिल्या झटक्यात लागला.

खातं माझ्या नावावर होतं, त्यामुळे नवा पासवर्ड माझ्या मोबाइलवर आला. सर्दीवाली बाई आता आमचं खातं तिच्या पडद्यावर बघत होती. तिने मेलची पेटी भरली आहे का ते पाहिलं. भरली नव्हती. तिने स्वतः एक मेल पाठवला, तो टुणकन येऊन पडला. माझ्या भाचीला पाठवायला लावला, तोही आला. म्हणजे रस्ता मोकळा होता, फक्त संग्रहालयाच्याच गाडीला अडवलं जात होतं.

"त्यांच्याकडे परत गेलेला मेल मला पाठवायला सांगाल का?" ती म्हणाली. "परत पाठवताना सर्व्हर कारण लिहितो. त्यावरून लगेच कळेल."

मी साहेबांना फोन केला, त्यांनी तिच्या पत्त्यावर पाठवला, मी पुन्हा तिला जोडून घेतलं. ती वाचत होती. नाक ओढण्याचाही आवाज थांबला.

"मॅडम," ती म्हणाली, "हे आमच्या सर्व्हरचं वाक्य नाही. सर्व्हर असं बोलत नाही."

"काय लिहिलंय?"

"'या पत्त्यावर तुझं कोणी राहत नाही. पुन्हा लिहू नकोस.'"

मला कळेचना. साहेबांना 'तुझं' कोण म्हणणार? मी म्हटलं, "कोणी खोडी काढली असेल. चोर शिरला असेल खात्यात."

"थांबा, नियम बघते," ती म्हणाली. मग समजावून सांगितलं, की खात्यात नियम लावून ठेवता येतात. अमक्याकडून मेल आला तर तो उघडायचाच नाही, अमुक मजकूर चिकटवून आल्या पावली परत पाठवायचा. आमच्या खात्यात असा एक नियम होता. त्यात दोन पत्ते घातले होते. एक संग्रहालयाच्या अख्ख्या कचेरीचा, म्हणजे तिथून कोणीही लिहिलं तरी परत. दुसरा एकाच व्यक्तीचा. तिने तो अक्षर अक्षर वाचून दाखवला.

माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली. तो पत्ता माझ्या लेकीचा होता.

आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. तीन वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. तिला जुन्या वस्तू जतन करण्याचं शिकायचं होतं, मला ती माझ्या मशीनवर बसायला हवी होती. दोघी एकाच मातीच्या, कोणी हटेना. गेल्यावर तिचा शब्द नाही की ओळ नाही, फोनचा नंबरही बदलला. मी म्हटलं, ठीक आहे, ती लिहील तेव्हा मी बोलेन. या तीन वर्षांत सकाळी कारखाना उघडला की मी ह्यांना आधी हेच विचारायचे, तिचं काही आलं का. आणि हे नाही म्हणून मान हलवायचे आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचे.

"हा नियम कधी लावलाय?" मी विचारलं.

ती म्हणाली, एकट्या व्यक्तीचा पत्ता तीन वर्षांपूर्वीचा आहे. कचेरीचा नंतर वाढवलाय. म्हणजे एका पत्त्यावरून परत आल्यावर त्या व्यक्तीने कचेरीच्या पत्त्यावरून लिहून पाहिलं असणार. मग एकटीला अडवायला अख्खी कचेरीच बंद केली.

"पासवर्ड आणखी कोणाकडे होता, मॅडम?"

"माझ्या नवऱ्याकडे," मी म्हटलं. ती समजली असावी. म्हणाली, "नियम काढून टाकू का?" मी काढ म्हटलं. तेवढ्यात साहेबांनी पुन्हा पाठवलेली यादी पडद्यावर येऊन पडली, बग्ग्यांच्या मापांसकट. ज्या कामासाठी मी आठवडाभर जिवाचं पाणी केलं होतं, त्याकडे मला बघवेना.

हे दोऱ्याची रिळं घेऊन आले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली. काही विचारलं नाही. ती गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. निर्दोष माणूस निदान काय झालं म्हणून तरी विचारतो.

"का?" मी म्हटलं.

"पहिला मेल मी वाचला होता," हे म्हणाले. त्याच मऊ आवाजात. "तिने लिहिलं होतं, आई, इकडे ये, इथे तुझ्या हाताला खूप काम आहे, आपण दोघी मिळून काहीतरी उभं करू. मी वाचलं आणि... तू गेली असतीस."

"तुम्हालाही नेलं असतं."

"मला कोणी विचारलं नव्हतं गं. त्या पत्रात मी नव्हतोच."

माणसाची भीती मला कळते. पण वाक्य? ते वाक्य त्यांचं नव्हतंच. 'तुझं कोणी राहत नाही, पुन्हा लिहू नकोस,' हे असं तोडून बोलणारं घरात एकच तोंड आहे. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी माझी जीभ पाठ केली होती, आणि ती माझ्याच पोरीवर चालवली. तिने विश्वास न ठेवून करायचं काय? मी वाचलं असतं तर मलाही वाटलं असतं, आईच बोलतेय.

मी साहेबांना फोन लावला. ते खुशीत म्हणाले, "गेला बरं का मेल या वेळी."

"साहेब, माझं नाव तुम्हाला कोणी सुचवलं?"

ते घुटमळले. "आमच्याकडे जतनाच्या विभागात एक मुलगी आहे. म्हणाली, आवरणं शिवावीत तर त्या बाईंनीच. मेल परत यायला लागला तेव्हा म्हणाली, तो येणारच, फोन करा. आणि माझं नाव सांगू नका, त्या काम घेणार नाहीत."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलं नाही. म्हटलं, "तिला फोनवर बोलवा. मापांचं विचारायचंय असं सांगा."

पावलांचा आवाज आला, दार वाजलं, आणि मग, "हां, बोला. कुठलं माप?"

तीन वर्षांनी तो आवाज. थोडा जाड झाला होता.

"भिंगरे," मी म्हटलं.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, एकच सांग. ते तू लिहिलं होतंस?"

हे टेबलापलीकडे उभे होते. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. हात जोडले. मी हो म्हटलं असतं तर लेकीच्या मनातला बाप वाचला असता. मी नाही म्हटलं असतं तर आई परत मिळाली असती आणि बाप गेला असता. एवढा मोठा निवाडा त्यांनी माझ्या जिभेवर सोडून दिला होता, जशी आजवरची सगळी कडू बोलणी सोडून दिली होती.

"थांब," मी तिला म्हटलं. "ज्याने लिहिलं त्याला देते."

आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. ते मागे सरकले, मी सरकू दिलं नाही.

"बोला," मी म्हटलं. "आज स्वतःच्या तोंडाने बोला."