चौकोनाबाहेरची कुबडी

"लीलाधरभाऊ, हाच फोटो टाका. पण या टायमाले पूरा टाका हां."

कोकिळेनं फोटो टेबलावर ठेवला आणि माझी मान खाली गेली. निंबोल्याच्या केळीच्या बागेत ती हसत उभी, काखेत कुबडी. मागच्या वर्षीही हाच फोटो होता.

समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी सिंधीपुऱ्यातल्या माझ्या दुकानात तयार होते. वर्डमध्ये टेबल टाकायचं, पानावर सहा चौकोन, त्यात फोटो, खाली माहिती. एखादा फोटो उंच निघाला की चौकोन ताणला जातो, खालची नावं पुढच्या पानावर पळतात आणि माझं डोकं फिरतं. माझी पानं कशी आखीव! त्याची मला कोण घमेंड.

गेल्या वर्षी फॉर्म भरताना मी तिच्या आईला, मालूबाईला, विचारलं होतं, "पायाचं लिहू का?"

"फोटोत दिसतंच ना भाऊ. मग लिवायचं कायले?"

आणि मी काय केलं? फोटो खांद्यापासून वर ठेवला, बाकी कापला. चेहरा चौकोनात फिट्ट बसला. मालूबाईचं बोलणं तेव्हा आठवलंसुद्धा नाही, देवाशपथ.

तुकईथडचे पाहुणे आले, पोरीला चालताना पाहिलं आणि चहा न घेताच उठले. मग मेळाव्यात चारचौघांत त्यांनी मालूबाईला फसवी म्हटलं. "म्या पूरा फोटो दिला होता," ती सांगत राहिली. समितीच्या भाईदासजींनी मला विचारलं, "लीलाधर, क्या बात है?"

मी म्हणालो, "जसा आला, तसा टाकला."

लाज वाटते सांगायला, पण हेच म्हणालो.

"आई नाही आली?" मी आता विचारलं.

"ती समाजात कुठंच येत नाही आता. लग्नाले बी नाही."

"कोकिळा, तो फोटो मी कापला होता गं."

"मले माहीत आहे. मले सांगून काय फायदा? समाजाले सांगा ना."

मी वरखालचे दोन चौकोन एक केले आणि अख्खा फोटो टाकला. सगळं पान वेडंवाकडं झालं. होऊ दे मेलं! खाली टाइप केलं : 'मागील वर्षी हा फोटो मी कापला. मालूबाईंनी पूर्ण दिला होता. खोटं मी बोललो. – लीलाधर.'

कोकिळेनं ते दोनदा वाचलं. मग कुबडी काखेत घेतली.

"छापा. पण आईले वाचता नाही येत, भाऊ."

कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मी टेबलाखाली चपला शोधू लागलो.